हिशेब आपल्या हाती

सोयाबीनची रास झाली, कापसाची पहिली वेचणी झाली, की आपल्या परभणी जिल्ह्यात घरोघरी चार पैसे येतात. ते कधी आले, कुठं गेले, हे मात्र आपल्यातल्या बऱ्याच जणींना सांगता येत नाही. आज त्यावरच बोलूया.

मागं आमच्या एका गटातल्या ताईचे मालक अचानक गेले. दिवस झाले आणि उसनवारीवाले दारात उभे राहिले. ताई म्हणाल्या, "बँकेचं सगळं तेच बघायचे, मला काहीच ठाऊक नाही." आम्ही चौघी त्यांच्याकडं गेलो. पेटीतलं पासबुक काढलं, बँकेत नेऊन नोंदी छापून घेतल्या. त्यात मे महिन्यात ४३६ रुपये कापल्याची नोंद सापडली. तो प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचा हप्ता होता. कोणत्याही कारणानं मृत्यू झाला, तर वारसाला २ लाख रुपये मिळतात. मृत्यूचा दाखला आणि कागद जोडून अर्ज दिला. पैसे ताईंच्या खात्यात आले. ते पासबुक कुणी उघडलंच नसतं तर? त्यांच्या हक्काचे २ लाख तसेच राहून गेले असते.

तेव्हापासून आम्ही प्रत्येक बैठकीत सांगतो, पैसा नावावर असणं वेगळं आणि हिशेब हाती असणं वेगळं. २०२४ साली लाडकी बहीण योजना आली आणि महिन्याचे १,५०० रुपये बाईच्या स्वतःच्या खात्यात यायला लागले. पण एटीएम कार्ड दुसऱ्याच्या खिशात असेल, तर ते पैसे फक्त नावाला आपले. म्हणून तीन सवयी लावून घेऊया.

पहिली सवय, रोज लिहायची. दहा रुपयांची वही घ्या. एका बाजूला आलेला पैसा, दुसऱ्या बाजूला गेलेला. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकराला सांगा, त्याचाही अभ्यास होईल. आमच्या गटांनी महिनाभर लिहून पाहिलं. एका घरात दहा रुपयांच्या तीन पुड्या रोज, म्हणजे महिन्याला ९०० रुपये निघाले! त्या ताईनं भांडण केलं नाही, फक्त वही समोर ठेवली. पुडी सुटली नाही, पण तीनाची एक झाली. वाचलेल्या ६०० रुपयांतून गटाची बचत आणि लेकीच्या वह्या दोन्ही निघतात. आणि बचत 'उरलं तर टाकू' म्हणून होत नाही. मजुरी हाती आली की आधी बचत बाजूला, मग बाजार.

दुसरी सवय, कर्ज घेण्याआधी व्याज विचारायचं, आणि ते कोणत्या रकमेवर हेही विचारायचं. समजा १०,००० रुपये घेतले, शेकडा २ रुपये महिना, दहा हप्त्यांत फेड. गटात उरलेल्या रकमेवर व्याज लागतं. पहिल्या महिन्यात २००, मग १८०, मग १६०, असं करत एकूण १,१०० रुपये. तेच व्याज शेवटपर्यंत पूर्ण रकमेवर लावलं, तर २,००० रुपये होतात. तोंडानं दोघंही 'दोन टक्के'च म्हणतात! आणि सावकाराचे शेकडा ५ असतील, तर दहा महिन्यांत व्याजाचेच ५,००० जातात आणि मुद्दल जागच्या जागी.

छोट्या कर्जाच्या कंपनीकडून घेत असाल तर लक्षात ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे वर्षाचं एकूण व्याज आणि खर्च दाखवणारा कागद आपल्याला समजेल अशा भाषेत द्यावाच लागतो. वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी किंवा संध्याकाळी ६ नंतर तगादा लावता येत नाही. आणि दुसऱ्यासाठी स्वतःच्या नावावर कर्ज काढू नका. पैसा त्याच्या हाती जातो, हप्ता आपल्या दारात येतो.

हे हिशेब आपल्याला जमायचे नाहीत, असं वाटतं का? सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडच्या बायकांचं ऐका. त्यांनी चेतना सिन्हा यांच्यासोबत स्वतःची बँक काढायचं ठरवलं. पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेनं नाकारला, कारण सभासद बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. बायका अक्षरं शिकल्या आणि पुन्हा गेल्या. अधिकाऱ्यांना म्हणाल्या, आम्हाला रक्कम सांगा, व्याज तोंडी काढून दाखवतो. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. बाजारात भाजी विकणाऱ्या बाईला तोंडी हिशेब येतोच की. तोच व्याजाला लावायचा.

तिसरी सवय, महिन्यातून एकदा पासबुक भरून आणायचं आणि वाचायचं. मे महिन्याच्या अखेरीस ४३६ आणि २० रुपये कापले गेले का, ते बघा. २० रुपयांचा तो अपघात विमा, त्याचेही अपघाती मृत्यूला २ लाख मिळतात. खात्याला वारस लावलाय का, ते विचारा. मोबाइल नंबर आपलाच जोडलेला असू द्या. फोनवर कुणी ओटीपी मागितला तर सांगू नका, मग तो स्वतःला बँकेचा साहेब का म्हणवेना.

यात मालकांपासून काही लपवायचं नाही. उलट घरातली सगळी पासबुकं, विम्याचे कागद एका पिशवीत ठेवा आणि दोघं मिळून वाचा. घर दोघांचं आहे, तर हिशेबही दोघांना ठाऊक हवा.

तर तायांनो, येत्या बैठकीला बचतीच्या पैशांबरोबर आपलं पासबुकही आणा. जिला वाचता येतं तिनं शेजारणीला वाचून दाखवावं. पुढच्या वेळी तुमच्या पासबुकात काय सापडलं, ते आम्हाला नक्की सांगा.