१३८.६८

पावसाळ्यात पेपरातला धरणसाठ्याचा तक्ता रोज पाहणाऱ्यांना काही आकडे पाठच असतात. कोयना भरलं की १०५ टीएमसी, जायकवाडी १०२, उजनी ११७. महाराष्ट्राच्या या तीन दादा धरणांची बेरीज होते ३२४. आता नर्मदेवरच्या सरदार सरोवराचा आकडा घ्या: काठोकाठ भरल्यावर ९५० कोटी घनमीटर, म्हणजे ३३५ टीएमसीच्या आसपास. आपली तिन्ही धरणं त्याच्या पोटात ओतली तरी वर जागा उरेल.

भिंत गुजरातेत, केवडियाजवळ. बघायला लोक तिकडूनच जातात. सरदार पटेलांचा १८२ मीटर उंच पुतळा, फुलांची दरी, संध्याकाळी रोषणाई, सगळं भिंतीच्या पुढच्या अंगाला. मागच्या अंगाला काय आहे ते पाहायचं तर नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांत सातपुडा उतरून खाली यावं लागतं. आकड्यांचा खरा पसारा तिथून कळतो, असं माझं मत आहे.

अमरकंटकपासून खंबातच्या आखातापर्यंत नर्मदा १,३१२ किलोमीटर वाहते. त्यातले १,०७७ मध्य प्रदेशात. पुढचे ३५ मध्य प्रदेश आणि महाराष्ट्राच्या सीमेवर, नंतरचे ३९ महाराष्ट्र आणि गुजरातच्या सीमेवर, शेवटचे १६१ गुजरातेत. म्हणजे आपल्या वाट्याला आली ती ७४ किलोमीटरची नुसती कड, आणि तीही एकाच काठाची. परिक्रमावासी ज्या शूलपाणीच्या झाडीचं नाव जपून घेत, जिथे मामा लोक, म्हणजे तिथले आदिवासी, अंगावरच्या कपड्यांसकट सगळं काढून घेतात असं ऐकून मगच पाऊल टाकत, ती ही कड. शूलपाणेश्वराचं जुनं देऊळ आज पाण्याखाली आहे. नवं गोरा गावी बांधलं. झाडीतली काठाकाठाची पायवाटही गेली. नदीही तशी आता नाही. आहे तो २१४ किलोमीटर लांबीचा तलाव. सरासरी रुंदी पावणेदोन किलोमीटर, आणि जास्तीत जास्त १६.

या तलावात बोटीत बसायचं म्हणजे आधी बोट कुठे लागली आहे ते विचारायचं. पक्का घाट बांधून भागत नाही, कारण धरणाची भरलेली पातळी १३८.६८ मीटर आणि नेहमीच्या वापराची खालची पातळी ११०.६४. मधलं अंतर २८ मीटर, नऊ मजली इमारतीएवढं. ऑक्टोबरात जिथे पाय न भिजवता बोटीत चढता येतं, तिथून मे महिन्यात भेगाळलेल्या गाळाच्या उतारावरून, डोक्यावर धान्याचं पोतं घेऊन खाली उतरत जावं लागतं. समोरच्या डोंगराकडे पाहिलं तर वर हिरवं रान, खाली पाणी आणि मध्ये सरळ रेषेत कापल्यासारखा उघडाबोडका मातकट पट्टा. तलावाची सगळी वार्षिक जमाखर्चाची वही त्या पट्ट्यावर लिहिलेली असते. उथळ जागी बुडालेल्या झाडांचे वाळके शेंडे पाण्याबाहेर डोकावतात, आणि इंजिन चालवणारा पोरगा गप्पा मारता मारता त्यांना वळसा घालतो. पाण्याखालचे शेंडेही त्याला ठाऊक असतात. तिथे कोणाची शेतं होती हे ठाऊक असल्याशिवाय ते जमत नाही.

पूर्ण भरलेल्या तलावाचा पृष्ठभाग सुमारे ३७ हजार हेक्टर. त्यावर फक्त एक सेंटीमीटर पाणी चढलं, म्हणजे काठावरच्या दगडाचं करंगळीच्या नखाएवढं बूड भिजलं, तर वाढलेलं पाणी भरतं ३७० कोटी लिटर. मुंबईला रोज जेवढं पाणी लागतं, जवळपास तेवढं. बोटीतून हात खाली सोडून जो थर बोटांनी कापता येतो, त्यात दीड कोटीच्या शहराचा आठवडा निघतो.

भिंतीचे आकडे पाठ्यपुस्तकी आहेत, ते पटकन सांगून टाकतो. लांबी १,२१० मीटर. पायाच्या सर्वांत खोल जागेपासून उंची १६३ मीटर. काँक्रीट सुमारे ६८ लाख घनमीटर. कोनशिला पंडित नेहरूंच्या हस्ते ५ एप्रिल १९६१, लोकार्पण १७ सप्टेंबर २०१७, आणि पहिल्यांदा काठोकाठ भरलं सप्टेंबर २०१९ मध्ये. पायापासून पाण्यापर्यंत ५८ वर्षं. एवढ्यात आपल्याकडे दोन पिढ्यांचे इंजिनिअर निवृत्त होतात.

थांबण्यासारखी गोष्ट आहे ती सांडव्याची. ३० वक्राकार दरवाजे, प्रत्येक ६० फूट रुंद. त्यातले २३ दरवाजे ५५ फूट उंच आणि ७ दरवाजे ६० फूट. सगळे उघडले तर सेकंदाला ८७ हजार घनमीटर, म्हणजे ३० लाख क्युसेकच्या वर पाणी जाऊ शकेल असा आराखडा आहे. हा वेग डोक्यात बसत नाही म्हणून मी खडकवासल्यावर लावून पाहिला. पुण्याच्या खडकवासल्याची क्षमता दोन टीएमसीला जराशी कमी. या सांडव्याने ते अकरा मिनिटांत भरेल. कोयनेला साडेनऊ तास लागतील. रात्री जेवून झोपलात तर सकाळी चहाच्या वेळी कोयनेचा शिवसागर तुडुंब. अर्थात एवढं पाणी सोडायची वेळ आलेली नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये १८ लाख क्युसेकच्या आसपास सोडलं, तर खाली भरूच-अंकलेश्वरात घरांत पाणी शिरलं.

आता तो ५५ फुटांचा आकडा पुन्हा घेऊ, कारण सगळं भांडण त्याच्यात आहे. दरवाज्यांविना भिंत १२१.९२ मीटरपर्यंत आली ती २००६ मध्ये. तिथून १३८.६८ पर्यंतचे १६.७६ मीटर म्हणजे ५५ फूट, नुसते दरवाजे. या दरवाज्यांनी वापरायचा साठा १५६ कोटी घनमीटरवरून ५८६ कोटींवर नेला. जवळजवळ पावणेचार पट! दरी खाली चिंचोळी आणि वर फाकत गेलेली असते, म्हणून खालच्या शंभर मीटरना जे जमत नाही ते वरचे सोळा-सतरा मीटर करतात. आणि म्हणूनच माणसंही त्या वरच्या थरात जास्त बुडतात. ८० मीटर, ८५, ९०, ९५, १००, ११० अशी एकेक पायरी कोर्टात, मंत्रालयात, उपोषणाच्या मंडपात का लढवली गेली, ते या भूमितीवरून कळावं. सर्वोच्च न्यायालयाचा मोठा निकाल १८ ऑक्टोबर २००० चा. शेवटच्या दरवाज्यांना परवानगी जून २०१४ मध्ये मिळाली आणि दरवाजे जून २०१७ मध्ये खाली आले.

वीज. नदीपात्रातल्या वीजघरात २०० मेगावॉटचे ६ संच, कालव्याच्या तोंडाशी ५० चे ५, मिळून १,४५० मेगावॉट. हा आकडा कानाला मोठा लागतो, पण पाण्याच्या बाजूने पाहिलं की वेगळाच धक्का बसतो. एक टन पाणी शंभर मीटर खाली पडलं तर वीज निघते पाव युनिट. म्हणजे एका युनिटला चार टन पाणी. महिन्याला शंभर युनिट जाळणाऱ्या साध्या घराला १० हजार लिटरचे ४० टँकर शंभर मीटरच्या कड्यावरून ओतावे लागतील. नदीपात्रातले सहाही संच पूर्ण जोरात चालले तर तासाला ४८ लाख टन पाणी त्यांतून जातं. त्यामानाने आपली कोयना हुशार: पाणी सह्याद्रीवरून पश्चिमेला जवळपास पाचशे मीटर खाली टाकायचं, त्यामुळे एका टनाला युनिटभराहून थोडं जास्तच पदरात पडतं. तिसऱ्या हिश्श्याएवढ्या साठ्यावर कोयना प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॉट आहे. मोठं धरण आणि मोठी वीज ही जोडी आपण गृहीत धरतो, ती दर वेळी जमतेच असं नाही.

वाटणीही पाहून घ्या. विजेत मध्य प्रदेश ५७ टक्के, महाराष्ट्र २७, गुजरात १६. नर्मदेच्या पाण्यात पाणीतंटा लवादाने धरलेल्या २८ दशलक्ष एकर-फुटांपैकी महाराष्ट्राला पाव दशलक्ष, म्हणजे १०.८९ टीएमसी. शेकड्याला एकही नाही.

चीनमध्ये यांगत्सेवर थ्री गॉर्जेस धरण आहे. त्याची क्षमता २२,५०० मेगावॉट, आपल्या सरदार सरोवराच्या पंधरा पट. पण पर्यटक तिथे जातात ते बोटीसाठी. क्रूझवर बसलेला माणूस धरण ओलांडतो. त्यासाठी डोंगर फोडून पाच पायऱ्यांचं लॉक केलंय, जायला एक रांग आणि यायला दुसरी. प्रत्येक पायरी म्हणजे २८० मीटर लांब, ३५ मीटर रुंद काँक्रीटचा हौद. बोट आत आली की मागचा दरवाजा बंद, वरच्या हौदातलं पाणी आपल्या वजनाने खाली येतं, बोट उचलली जाते, पुढचा दरवाजा उघडतो. पंप लागत नाही. असं पाच वेळा, चारेक तासांत, ११३ मीटरपर्यंत. घाईवाल्यांसाठी २०१६ पासून लिफ्टही आहे; ३,००० टनांचं जहाज पाण्याच्या हौदासकट चाळीसेक मिनिटांत वर.

सरदार सरोवरात हे काहीच नाही. दोन्ही बाजूंच्या पाण्यातला फरक इथेही शंभर मीटरच्या वर जातो, तेव्हा करायचं म्हटलं तर यांगत्सेसारखाच जिना खोदावा लागला असता. आराखड्यात नौकानयनाला जागा नव्हती. गंमत अशी की २०१६ च्या कायद्याने नर्मदेचा २२६ किलोमीटरचा पट्टा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ७३ ठरला. जलमार्ग आहे, त्यावर भिंत आहे, आणि भिंतीला वाट नाही. भिंतीच्या खाली २०२० पासून एकता क्रूझ चालते, ६ किलोमीटर, पुतळ्यापर्यंत. भिंतीच्या वरच्या अंगाला मणिबेली गावाची बोट. दोघींची गाठ पडायची सोय नाही.

मणिबेली हे महाराष्ट्रातलं बुडणारं पहिलं गाव. विधानसभेचा मतदारसंघ क्रमांक १ अक्कलकुवा, लोकसभेचा क्रमांक १ नंदुरबार. राज्याची मतदारयादी मुंबईतून नव्हे, इथल्या पाण्याच्या काठावरून सुरू होते, आणि निवडणुकीला यंत्रं, कर्मचारी, पोलीस सगळे बार्जमधून येतात. याच गावाच्या नावाने १९९४ मध्ये ४४ देशांतल्या ३२६ संघटनांनी जागतिक बँकेला मोठ्या धरणांचं कर्ज थांबवायला सांगितलं. सरदार सरोवराचं कर्ज त्याच्या आदल्या वर्षीच बंद झालं होतं.

लवादाने १९७९ मध्ये निवाडा दिला तेव्हा महाराष्ट्रात बुडणारी गावं धरली होती २७ आणि कुटुंबं ४५६. पुढे गावं झाली ३३, अक्कलकुव्यातली ९ आणि अक्राणीतली २४, आणि कुटुंबांचा आकडा हजारांत गेला. काँक्रीट घनमीटरपर्यंत मोजणाऱ्या व्यवस्थेची माणसं मोजताना एवढी चूक व्हावी, हे मला या सगळ्या आकड्यांत जास्त चक्रावून टाकणारं वाटतं. बरेच जण तळोद्याच्या जंगलातल्या जमिनीवर, सोमावल वगैरे वसाहतींत उतरले. काही वरच सरकले. पाणी चढलं तसे त्यांच्या टेकड्यांचे टापू झाले.

त्या टापूंवर सरकारी दवाखाना तरंगत येतो. २०२० च्या टाळेबंदीत चिमलखेडीच्या एका अंगणवाडी सेविकेने मासेमारीची होडी मागून घेतली आणि जाऊन-येऊन अठरा किलोमीटर स्वतः वल्हवत गरोदर बायका आणि तान्ही पोरं तपासायला ती जात राहिली. पेपरांत बातमी आली, कौतुक झालं. अठरा किलोमीटर म्हणजे तलावाच्या लांबीच्या बाराव्या हिश्श्याएवढं अंतर, वल्ह्यावर.

धडगावकडचं बिलगाव उदई नदीवर आहे. २००३ मध्ये केरळच्या दोन तरुण इंजिनिअरांच्या मदतीने गावकऱ्यांनी श्रमदान करून तिथल्या धबधब्यावर वीजघर बांधलं. क्षमता १५ किलोवॉट. घराघरांत दिवा लागला, आश्रमशाळेत लागला. ‘स्वदेस’ चित्रपटातलं वीजघर यावरून सुचल्याचं सांगतात. सरदार सरोवराच्या १,४५० मेगावॉटशी तुलना केली तर ते जवळपास ९७ हजार पटींनी लहान. २००६ च्या पावसाळ्यात, भिंत १२१.९२ कडे चढत असताना, फुगवट्याचं पाणी उदईतून मागे सरकलं आणि ते वीजघर बुडालं.