ग्राहकाने मुके राहू नये

परदेशी विद्यापीठांचे प्रतिनिधी मुंबई-पुण्यात येतात, तेव्हा पदव्युत्तर प्रवेशेच्छू विद्यार्थी परीक्षार्थीप्रमाणे त्यांच्यापुढे उभा राहतो. वस्तुतः तेथे ग्राहक तोच असतो. विक्रेत्यापाशी मालाची माहिती अधिक असली की बाजार कसा बिघडतो, हे जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखविले. म्हणून गुणपत्रिकेबरोबर प्रश्नांची यादीही न्यावी. शुल्काखेरीज निवासाचा व विम्याचा खर्च किती? साहाय्यवृत्ती कितीजणांना मिळते, आणि दुसऱ्या वर्षी टिकते काय? किती विद्यार्थी पदवी पुरी करतात? उत्तरे लेखी मागावीत. अमेरिकेतील अनेक विद्यापीठांनी मान्य केलेल्या ठरावानुसार अर्थसाहाय्याच्या प्रस्तावास १५ एप्रिलपूर्वी होकार देण्याचे बंधन नसते, हेही ठाऊक असावे. राहते घर तारण ठेवून कर्ज काढणाऱ्या कुटुंबाला मुलाचा संकोच परवडणारा नाही.