सत्तर टेस्ट आणि न विचारलेला प्रश्न

"सगळ्या टेस्ट एकदा करूनच टाका. काही असेल तर वेळेत कळेल, नसेल तर निर्धास्त." हे वाक्य मुंबईच्या गोरेगावात सतत कानावर पडतं. स्टेशनजवळच्या लॅबच्या फलकावर ते असतं, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सवलतीच्या कुपनासकट येतं, द्रुतगती महामार्गालगतच्या आयटी पार्कांत एचआरच्या मेलमधून दरवर्षी फिरतं. कुठे साठ टेस्ट, कुठे सत्तर, कुठे नव्वद. एरवी प्रत्येक गोष्ट पारखून घेणारी माणसंही इथे फक्त एका टेस्टला किती रुपये पडले एवढंच बघतात.

हे वाक्य इतकं समजूतदार वाटतं की त्याला विरोध करणाराच बेजबाबदार ठरतो. तरी विरोध करायला हवा. जास्त टेस्ट म्हणजे जास्त आजार सापडतात, हा त्यातला एक समज. आजार लवकर सापडला की माणूस वाचतोच, हा दुसरा. दोन्ही समज तपासून पाहिलेले आहेत आणि दोन्ही जसेच्या तसे टिकलेले नाहीत.

ज्याला काही त्रास होतोय त्याचा हा विषय नाही. वजन उतरतंय, चढताना छाती भरून येते, दोन आठवडे खोकला हटत नाही, अशा माणसाने आजच डॉक्टरांकडे जावं आणि ते सांगतील त्या टेस्ट कराव्यात. मी बोलतोय ते काहीही होत नसताना 'फुल बॉडी' करून घेणाऱ्यांबद्दल.

रिपोर्टमध्ये आपल्या आकड्याशेजारी 'नॉर्मल' मर्यादा छापलेली असते. ती ठरवतात कशी? शुगर, कोलेस्टेरॉलसारख्या काही टेस्टची मर्यादा पुढच्या धोक्यावरून ठरते. बाकी बऱ्याच टेस्टमध्ये निरोगी माणसांचे नमुने घेतात आणि मधल्या ९५ टक्के लोकांचे आकडे जिथून जिथवर पसरलेले असतात, तेवढा पट्टा नॉर्मल म्हणून छापतात. म्हणजे निरोगी लोकांपैकीच ५ टक्के पट्ट्याबाहेर राहणार, हे व्याख्येतच ठरलेलं आहे. एक टेस्ट केली तर ठणठणीत माणसालाही ठळक अक्षरातला आकडा मिळण्याची शक्यता विसात एक. अशा वीस वेगवेगळ्या टेस्ट केल्या तर निदान एक आकडा बाहेर असण्याची शक्यता ६४ टक्के होते, आणि साठ केल्या तर ९५ टक्के. प्रत्यक्षात टेस्ट एकमेकींपासून अगदी सुट्या नसतात, हिमोग्लोबिन उतरलं की त्याच्या सोबतचे दोन-तीन आकडेही उतरतात, म्हणून खरी शक्यता याहून थोडी कमी भरेल. पण कल तोच राहतो. सत्तर टेस्टमध्ये 'सगळं नॉर्मल' येणं हीच दुर्मीळ गोष्ट आहे.

मग तो ठळक आकडा घरभर फिरतो. टेस्ट पुन्हा होते. कुणीतरी सोनोग्राफी सुचवतं. सोनोग्राफीत मूळ आकड्याशी संबंध नसलेली एखादी गाठ दिसते, तिच्यासाठी स्कॅन होतो, स्कॅनमध्ये 'खात्रीने सांगता येत नाही' असं लिहून येतं आणि सुई टोचण्यापर्यंत गोष्ट जाते. 'टेस्ट केल्याने नुकसान तर काहीच नाही ना?' असं विचारणाऱ्याने हा रस्ता एकदा कुणासोबत तरी चालून पाहावा. पैसे जातात, रजा जाते, महिनाभर झोप जाते.

एक गणित मी कागदावर करून दाखवतो, कारण ते केल्याशिवाय लोकांना पटत नाही. समजा, एका मोठ्या कंपनीत १०,००० कर्मचारी आहेत आणि त्यांच्यातल्या ५० जणांना एखादा आजार आहे. टेस्ट चांगली आहे: आजारी असलेल्या शंभरातले ९० पकडते, निरोगी शंभरातल्या ९५ जणांना निरोगीच म्हणते. मग ५० आजाऱ्यांतले ४५ सापडतील. उरलेल्या ९,९५० निरोगी लोकांतले ५ टक्के, म्हणजे जवळपास ५०० जणही पॉझिटिव्ह येतील. एकूण साडेपाचशेच्या आसपास पॉझिटिव्ह, आणि त्यांत खरे आजारी ४५. दर बारा जणांमागे एक. टेस्ट तीच, यंत्र तेच. पण हीच टेस्ट लक्षणं असलेल्या, डॉक्टरांनी तपासून पाठवलेल्या लोकांवर केली तर पॉझिटिव्हमधले बहुतेक खरे निघतात. टेस्टचा अर्थ कुणाची टेस्ट केली यावर ठरतो. वैद्यकीय निदान शिकणाऱ्यांना हे शिकवतात, आणि पॅकेज विकताना नेमकं हेच कुणी सांगत नाही.

'कॅन्सर मार्कर' हा पॅकेजमधला सर्वांत भाव खाणारा भाग. बायकांच्या पॅकेजमध्ये सीए-१२५ सर्रास असते. हा आकडा पाळीत वाढतो, फायब्रॉइडने वाढतो, एंडोमेट्रिऑसिसने वाढतो, आणि आपल्याकडे मुद्दाम सांगायला हवं, पोटाच्या टीबीनेही वाढतो. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक बायकांवर या टेस्टचा प्रयोग झाला. २०२१ मध्ये त्याचा अंतिम निष्कर्ष आला. दरवर्षी सीए-१२५ करून अंडाशयाचा कॅन्सर आधीच्या टप्प्यावर सापडला, तरी मृत्यू कमी झाले नाहीत. लवकर सापडणं आणि वाचणं या वेगळ्या गोष्टी आहेत, याचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही.

इथे हमखास एक उत्तर येतं: "आमच्या काकांचं पॅकेजमध्येच कळलं, म्हणून वाचले." काका वाचले याचा आनंदच आहे. पण पॅकेजमुळे वाचले, हे एका काकांवरून सिद्ध होत नाही. दक्षिण कोरियात १९९९ पासून राष्ट्रीय तपासणी मोहीम सुरू झाली आणि त्यासोबत थोडे पैसे देऊन गळ्याची सोनोग्राफी करून घ्यायची लाट आली. २०११ पर्यंत थायरॉइड कॅन्सरचं निदान होण्याचं प्रमाण १९९३ च्या पंधरापट झालं. हजारो लोकांची थायरॉइड ग्रंथी काढली गेली, अनेकांना जन्मभराची गोळी लागली. आणि थायरॉइड कॅन्सरने होणारे मृत्यू? होते तेवढेच राहिले. जे कॅन्सर कधीच त्रास देणार नव्हते तेही मोठ्या संख्येने शोधून काढले गेले होते. त्यातला प्रत्येक रुग्ण आज मनापासून सांगत असेल की टेस्ट केली म्हणून मी वाचलो.

मग सरसकट तपासणीचा एकूण हिशेब काय? कॉक्रेन या संस्थेने २०१९ मध्ये जगभरचे १७ प्रयोग एकत्र करून पाहिले. त्यांतल्या १५ प्रयोगांचे, अडीच लाख लोकांचे आकडे हाती आले. सरसकट आरोग्यतपासणीने एकूण मृत्यूंत किंवा कॅन्सरच्या मृत्यूंत जवळजवळ काहीच फरक पडलेला दिसला नाही. ऑफिसांपुरतं बोलायचं तर अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाच्या सुमारे पाच हजार कर्मचाऱ्यांवर चिठ्ठ्या टाकून असा प्रयोग झाला. काहींना तपासणी आणि आरोग्य कार्यक्रम दिला, काहींना नाही. वर्षभराने दवाखान्याच्या खर्चात, रजांत, कामात लक्षणीय फरक सापडला नाही. त्यात आणखी एक गोष्ट उघड झाली. बोलावल्यावर आपणहून येणारे लोक आधीपासूनच तब्येतीने बरे होते. तपासणी करणारे कर्मचारी निरोगी राहतात, असं कंपन्या अभिमानाने सांगतात त्यामागे बरंचसं हेच असतं.

हे प्रयोग परदेशातले आहेत, काही जुने आहेत, आणि भारतात मधुमेह नि रक्तदाब असूनही पत्ता नसलेले लोक फार. हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणूनच आपल्या मातीतल्या पुराव्याकडे वळू, कारण तपासणी माणसं वाचवते याचे जगात मान्यता पावलेले दोन पुरावे महाराष्ट्रातलेच आहेत.

उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून ५२ ग्रामसमूहांतल्या ३० ते ५९ वयाच्या सुमारे एक लाख तीस हजार बायकांवर एक प्रयोग झाला. त्यात टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलचा सहभाग होता. ज्या गटाची एकदाच, फक्त एकदा, एचपीव्ही या विषाणूसाठी चाचणी झाली त्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने ३४ मृत्यू झाले. ज्यांची तपासणी झाली नाही त्या गटात ६४. दुसरा पुरावा मुंबईच्या झोपडपट्ट्यांतला. डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि टाटाच्या सहकाऱ्यांनी १९९८ पासून दीड लाख बायकांचा अभ्यास केला. डॉक्टरही नाहीत, दहावी शिकलेल्या आरोग्यसेविकांना चार आठवडे शिकवलं. त्यांनी गर्भाशयमुखावर सौम्य ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरमध्ये असतं तेच, लावून डोळ्यांनी पाहायचं. दर दोन वर्षांनी, चार फेऱ्या. या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. सत्तर टेस्ट नव्हत्या, एकच होती. पण आजार ठरलेला, वय ठरलेलं, पॉझिटिव्ह आल्यावर उपचार कुठे होणार तेही ठरलेलं. गोरेगावातल्या पॅकेजांत सीए-१२५ असते आणि गर्भाशयमुखाची तपासणी बऱ्याचदा नसते, याची मला खरोखर चीड येते.

पॅकेजमध्ये आणखी एक गोष्ट नसते: तुम्ही काम काय करता, हा प्रश्न. घाटकोपरच्या एका ॲस्बेस्टॉस कारखान्यातल्या १८१ कामगारांची डॉ. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी तपासणी केली. तिचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. छातीचा एक्स-रे, फुंकर मारून करायची फुप्फुसांची चाचणी आणि कुठल्या खात्यात किती वर्षं काम केलं याची नीट विचारपूस. ४१ जणांना ॲस्बेस्टॉसिस निघाला. व्हिटॅमिन आणि थायरॉइडच्या कितीही टेस्ट केल्या असत्या तरी तो कळला नसता. आज फिल्म सिटीत सेट उभारणारा सुतार भुसा आणि रंगाच्या वाफा श्वासात घेतो, जनरेटरजवळ काम करणाऱ्याचे कान दिवसभर आवाज झेलतात. त्यांना फुप्फुसांची नि कानांची तपासणी हवी, आणि सहसा त्यांना पॅकेजही मिळत नाही. ते मिळतं नवव्या मजल्यावर एसीत बसणाऱ्याला. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत मालकाने ठरावीक वर्गातल्या कर्मचाऱ्यांना मोफत वार्षिक तपासणी द्यायची तरतूद आहे. कुठली तपासणी, हे कामावरून ठरायला हवं. लॅबच्या दरपत्रकावरून ते ठरू नये.

प्रश्न न विचारण्याची किंमत काय, हे मुंबईतच मोजलं गेलंय. २०१४-१५ मध्ये संशोधकांनी इथल्या आणि पाटण्याच्या खाजगी दवाखान्यांत प्रशिक्षण दिलेली माणसं टीबीचे रुग्ण म्हणून पाठवली. योग्य वैद्यकीय हाताळणी झाली ती सुमारे ३५ टक्के भेटींत. खोकला किती दिवसांचा आहे हे ऐकून थुंकीची तपासणी किंवा एक्स-रे सुचवणं, एवढीच अपेक्षा होती.

मग निरोगी माणसाने काय करावं? तिशीनंतर रक्तदाब आणि शुगर नियमित पाहावी. महापालिकेच्या २०२१ च्या सर्वेक्षणात मुंबईतल्या ३४ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आणि १८ टक्क्यांची उपाशीपोटीची शुगर वाढलेली आढळली. इतक्या जणांत असलेला आजार शोधणं फायद्याचंच असतं. वरचं गणित इथे आपल्या बाजूने वळतं. महापालिकेच्या 'आपला दवाखाना'त दंडाला पट्टा बांधून दोन मिनिटांत रक्तदाब मोजून होतो. बायकांनी तिशीनंतर गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्यावी. तंबाखू, गुटखा, मिश्री यांची सवय असलेल्यांनी तोंड तपासून घ्यावं. सरकारच्या तिशीवरच्या तपासणी कार्यक्रमातही रक्तदाब, मधुमेह आणि तोंड, स्तन, गर्भाशयमुख हे तीन कॅन्सर आहेत. यादी छोटी आहे, पण विचार करून केलेली आहे.

आता बाकीचे गैरसमज.

'रक्तातून टीबी कळतो': टीबीच्या अँटीबॉडी पाहणाऱ्या रक्ताच्या टेस्टवर भारत सरकारने जून २०१२ मध्येच बंदी घातली; थुंकीची सीबीनॅट किंवा गोव्यात तयार होणारी ट्रूनॅट मागा.

'ईसीजी नॉर्मल, म्हणजे हृदय ठीक': झोपून काढलेला ईसीजी त्या काही सेकंदांपुरता असतो. चालताना छातीत दुखत असेल तर नॉर्मल ईसीजीवर विसंबू नका.

'विडाल पॉझिटिव्ह, म्हणजे टायफॉइड': आपल्याकडे एकट्या विडालवर विश्वास ठेवू नये. अँटिबायोटिक सुरू करण्याआधी ब्लड कल्चर करावं.

'व्हिटॅमिन डी दरवर्षी तपासलंच पाहिजे': निरोगी प्रौढांनी सरसकट तपासू नये, असं एंडोक्राइन सोसायटीने २०२४ मध्ये सांगितलं आहे.

'लॅबला एनएबीएल आहे, म्हणजे सगळ्याच टेस्ट मान्यताप्राप्त': मान्यता टेस्टनुसार असते, आपली टेस्ट त्या यादीत आहे का ते विचारा.

'नोकरीसाठी एचआयव्ही टेस्ट द्यावीच लागते': २०१७ च्या कायद्याने अशी अट घालायला मनाई आहे, आणि तुमच्या संमतीशिवाय ही टेस्ट करता येत नाही. पॅकेजमध्ये ती गुपचूप घातलेली दिसली तर सही करण्याआधी खोडून टाका.