कुंडीतील वृक्षाचे मूळ घर

उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापूर येथील एखाद्या वसाहतीतून जाताना कोणाच्या सज्जात, कोणाच्या फाटकाशी ठेवलेल्या कुंडीत एक रेखीव झाड दृष्टीस पडते. सरळसोट खोड, त्याभोवती मजल्यामजल्यांनी आडव्या पसरलेल्या फांद्या आणि मऊ सुयांसारखी पाने. नाताळात त्यावर चांदण्या टांगतात, म्हणून लोक त्यास ‘ख्रिसमसचे झाड’ म्हणतात. महाराष्ट्रातील सह्याद्रीच्या रानांत असे सूचिपर्णी वृक्ष आपोआप उगवत नाहीत. मग हा पाहुणा आला तरी कोठून?

या नावाने विकल्या जाणाऱ्या रोपांत दोन जवळच्या जाती आढळतात. दोन्ही मूळच्या पॅसिफिक महासागरातील बेटांवरच्या होत. त्यांपैकी अधिक प्रसिद्ध जात नॉरफोक बेटाची. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेस भर समुद्रात वसलेल्या या बेटाचे क्षेत्रफळ अवघे ३५ चौरस किलोमीटरांच्या आसपास आहे. ते बेट आणि त्याच्या शेजारची चिमुकली बेटे एवढेच या वृक्षाचे माहेर. कुंडीत पुरुषभर दिसणारा हा वृक्ष तेथे ५० मीटरांहूनही उंच वाढतो. त्याच्या शास्त्रीय नावाचा अर्थ ‘भिन्न पानांचा’ असा आहे. कारण बालपणी त्याची पाने मऊ व सुईसारखी असतात, तर प्रौढपणी ती जाड खवल्यांसारखी होतात. याला फुले येत नाहीत. बिया शंकूत तयार होतात. शंकू पिकला, की तो सुटा होऊन बिया विखुरतात.

१७७४ साली दर्यावर्दी जेम्स कुक या बेटावर उतरला. हे उंच, सरळ वृक्ष पाहून जहाजांच्या डोलकाठ्यांसाठी ते उत्तम ठरतील, असे त्यास वाटले. १७८८ मध्ये इंग्रजांनी तेथे वसाहत केली. परंतु हे लाकूड मोठ्या डोलकाठ्यांना पुरेसे चिवट नाही, असे अनुभवास आले. तरीही वृक्षतोड थांबली नाही. शेतीसाठी व इमारतींसाठी बेटावरील बरेचसे अरण्य नाहीसे झाले. शेजारच्या फिलिप बेटावर तर माणसाने सोडलेली डुकरे, शेळ्या आणि ससे यांनी हिरवे ते सारे फस्त करून जमीन उघडी पाडली.

पुढे माणसाला चूक उमगली. १९८६ साली तेथे राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. त्याच दशकात फिलिप बेटावरील ससे हटविण्यात आले आणि तेथे हिरवळ पुन्हा परतू लागली. आज बेटाच्या ध्वजावर हाच वृक्ष मानाने मिरवतो. तथापि आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत त्याची गणना धोक्यात असलेल्या जातींमध्येच होते.

येथे एक शंका सहज येते. हे झाड जगभरच्या बागांत आणि कुंड्यांत वाढत असताना त्याला धोका कसला? याचे उत्तर असे, की कुंडीत झाड जगते. वन जगत नाही. वनात झाडाखाली त्याची पिले रुजतात, त्याच्या सावलीत नेचे वाढतात, फांद्यांवर पाखरे नांदतात आणि वाळलेल्या पानांची माती होते. यांतले काहीही सज्जात आणता येत नाही.

म्हणून कुंडीतील झाडाला पाणी घालावे, हे योग्यच; परंतु ते घालताना दूर समुद्रातील त्या लहानशा बेटाचे स्मरण असावे. कोणत्याही वृक्षाचे खरे रक्षण म्हणजे त्याच्या घराचे रक्षण होय. बदलापूरच्या डोंगरांवरील रानालाही हाच न्याय लागू आहे.