न दिसलेला आठवडा

बॉस्टनलगतच्या ब्रुकलाइनमध्ये ‘फ्री हॉस्पिटल फॉर विमेन’ नावाचं रुग्णालय होतं. तिथे १९३८ पासून काही बायकांना एक चमत्कारिक सूचना दिली जाई. काही ना काही दुखण्यापायी त्यांची गर्भपिशवी काढायचं ठरलेलं असे. पाळी कधी आली आणि नवऱ्याशी संबंध कधी आला, याच्या तारखा लिहून ठेवा, असं त्यांना सांगत. डॉ. जॉन रॉक त्या तारखा पाहून शस्त्रक्रियेचा दिवस नक्की करत, आणि काढलेली पिशवी पॅथॉलॉजिस्ट आर्थर हर्टिग यांच्या टेबलावर जाई. हर्टिग ती उघडून, धुऊन, अस्तराचा इंच न् इंच भिंगाखाली तपासत. शोध होता खसखशीच्या दाण्याहूनही लहान असलेल्या भ्रूणाचा. दीड दशकात दोनशेहून अधिक बायकांच्या पिशव्या तपासून हाती लागले ते ३४ भ्रूण, सगळे पहिल्या १७ दिवसांतले.

एवढा खटाटोप कशासाठी, तर त्या दिवसांचं काहीच कोणाला दिसलेलं नव्हतं. बीज नळीत फळतं, चार-पाच दिवसांनी पिशवीत उतरतं, सहाव्या-सातव्या दिवशी अस्तराला चिकटतं आणि बाराव्या दिवसापर्यंत त्यात पुरतं बुडून जातं. हे सगळं पाळी चुकायच्या आत उरकतं. खुद्द बाईलाच दिवस राहिल्याचं ठाऊक नसतं, तिथे डॉक्टरला कुठून असणार? सोनोग्राफीत काही दिसू लागेपर्यंत रुजण्याचा सोहळा आटोपलेला असतो. वैद्यकाच्या पुस्तकांतल्या या आठवड्याच्या आकृत्या आजही बऱ्याच अंशी त्या ३४ भ्रूणांवर उभ्या आहेत. आजच्या नीतिमत्ता समितीपुढे हा प्रकल्प पहिल्या पानावरच नामंजूर झाला असता, हेही नोंदवायला हवं.

त्या ३४ पैकी सुमारे तिसरा हिस्सा भ्रूण सदोष निघाले. आधी बाळंतपणं झालेल्या बायकांमध्येही इतके गर्भ सुरुवातीलाच बिघडलेले असतात, ही बातमी त्या काळाला नवी होती. पण या धाग्याकडे पुरेसं लक्ष जायला आणखी तीस वर्षं लागली.

त्याआधी काहीच माहीत नव्हतं असं नाही. वारेची आणि वाढलेल्या गर्भाची शरीररचना बरीच आधी कळली होती. लिओनार्दो दा विंचीने १५११ च्या सुमारास पिशवीतल्या बाळाचं अप्रतिम चित्र काढलं, पण त्यातली वार गाईची आहे. माणसाची त्याला मिळाली नसावी. लंडनच्या विल्यम हंटर यांचा ३४ चित्रफलकांचा संग्रह १७७४ साली आला आणि वारेत आईचं रक्त वेगळं, बाळाचं वेगळं, हे पक्कं झालं. सहा वर्षांनी त्यांचे धाकटे भाऊ जॉन यांनी रॉयल सोसायटीत उभं राहून हा शोध मुळात आपला असल्याचा दावा केला. दोघा भावांचं पुढे फाटलं ते फाटलंच. वारेपायी भाऊबंदकी झाल्याचं बहुधा हे एकमेव उदाहरण असावं.

अस्तराचं कोडं निराळ्या वाटेने सुटलं. महिन्याच्या महिन्याला अस्तर गळतं म्हणजे नेमकं काय होतं, हे जिवंत बाईच्या पोटात पाहणं अशक्य. अमेरिकेतल्या जे. ई. मार्की यांनी ऱ्हीसस माकडिणीच्या अस्तराचे बारीक तुकडे तिच्याच डोळ्यात, पारदर्शक पटलाच्या मागे, बसवले. (त्या काळी अमेरिकी प्रयोगशाळांतली ही माकडं बहुतांशी भारतातूनच जात.) तुकडे तिथे जगले, वाढले आणि पाळीच्या वेळी डोळ्यातच स्रवले. मार्की सूक्ष्मदर्शकातून पाहत बसले. अस्तरातल्या मळसूत्री धमन्या आधी अधिकाधिक वेटाळत जातात, प्रवाह मंदावतो, मग रक्तस्रावाच्या काही तास आधी त्या करकचून आवळतात आणि वरचा थर उपासमारीने मरतो. १९४० साली छापलेलं हे वर्णन वाचताना अंगावर काटा येतो, पण त्यातून एक गोष्ट लख्ख झाली. बाईचं अस्तर दर महिन्याला गर्भाच्या स्वागताची पूर्ण तयारी करतं आणि पाहुणा आला नाही तर ती मोडून टाकतं. बहुतेक सस्तन प्राण्यांत ही तयारी गर्भ आल्यावर सुरू होते. न बोलावता, आधीच तयार होणारं अस्तर हा माणूस, काही माकडं, काही वटवाघळं आणि एक-दोन उंदीरवजा प्राणी यांच्याच वाट्याला आलेला प्रकार.

ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मेडावार यांनी १९५३ साली विचारलेला प्रश्न साधा होता. गर्भ अर्धा बापाचा, म्हणजे आईच्या शरीराला परका. परक्याची कातडी लावली तर शरीर ती झिडकारतं, मग हा नऊ महिने कसा टिकतो? मेडावार यांनी तीन शक्यता मांडल्या: दोघांमधली भिंत, गर्भाचा कच्चेपणा आणि आईच्या प्रतिकारशक्तीला येणारी सुस्ती. पुढच्या संशोधनात तिन्ही लंगड्या पडल्या. गरोदरपणाच्या सुरुवातीला अस्तर तर प्रतिकारपेशींनी खच्चून भरलेलं असतं. त्यांतल्या बहुसंख्य पेशींना ‘नॅचरल किलर’ असं भयंकर नाव आहे, आणि त्या तिथे मारामारी करण्याऐवजी धमन्या रुंद करायला हातभार लावतात. उत्तर चुकीचं आणि प्रश्न अचूक, असं विज्ञानात अनेकदा घडतं. मेडावार यांच्या प्रश्नावर आजवर शेकडो प्रयोगशाळा चालल्या आहेत.

त्या धमन्यांचं काय होतं हे १९६७ मध्ये बेल्जियमचे इव्हो ब्रोसेन्स आणि लंडनमधले त्यांचे सहकारी यांनी दाखवलं. वारेच्या पेशी आईच्या मळसूत्री धमन्यांत शिरतात, त्यांची स्नायूंची भिंत खाऊन टाकतात आणि अरुंद, आवळू शकणाऱ्या नळीचं रुंद, सैल पन्हाळं करतात. आईचं शरीर वाटेल तेव्हा रक्त तोडू शकणार नाही, अशी ही व्यवस्था. ज्या बायकांना गरोदरपणात रक्तदाबाचा गंभीर विकार होतो, त्यांच्यात हे काम बऱ्याचदा अर्धवट राहिलेलं सापडलं. सातव्या-आठव्या महिन्यात हातापायांवर येणाऱ्या सुजेचं मूळ पहिल्या काही आठवड्यांत असू शकतं, ही कल्पना तिथून रुळली.

१९७८ साली वाटलं, आता सगळं कळणार. २५ जुलैला इंग्लंडमध्ये पहिलं टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं. त्यानंतर ७० दिवसांनी, ३ ऑक्टोबरला, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जी यांच्या हातून दुसरं. मुखर्जींच्या पद्धतीत आजच्या दृष्टीने सगळ्यात डोळ्यांत भरणारी गोष्ट अशी: त्यांनी औषधं देऊन बीजं वाढवली, भ्रूण तयार केला आणि तो लगेच पिशवीत न सोडता गोठवून ठेवला. औषधांनी विस्कटलेलं अस्तर त्यांना नको होतं. पुढच्या एका नैसर्गिक चक्रात, अस्तर आपल्या लयीत आल्यावर, तो आत सोडला. आज जगभरच्या वंध्यत्व केंद्रांत हे रोज चालतं. त्या वेळी सरकारी समितीने त्यांचा दावा निकालात काढला, त्यांची बदली नेत्ररोग विभागात झाली आणि १९८१ च्या जूनमध्ये त्यांनी आत्महत्या केली.

मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्याच परिसरातल्या प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून ६ ऑगस्ट १९८६ रोजी जे बाळ जन्मलं, ते भारतातलं पहिलं म्हणून गणलं गेलं. पुढे मुखर्जींची कागदपत्रं आनंद कुमार यांच्या हाती आली. ती वाचून १९९७ साली, स्वतःकडे असलेला पहिलेपणाचा मान त्यांनी आपल्या हाताने मुखर्जींना दिला. भारतीय विज्ञानात असे प्रसंग फार नाहीत.

पण बशीत भ्रूण तयार करता आला, तरी रुजण्याचं कोडं तसंच राहिलं. उत्तम दिसणारा भ्रूण, उत्तम दिसणारं अस्तर, आणि तरी पाळी येते. वंध्यत्व केंद्रांच्या बाकांवर बसणाऱ्या बायकांना ‘अस्तर आठ मिलिमीटर झालंय, छान आहे’ हे वाक्य पाठ असतं, आणि त्यापुढे ‘या वेळी का नाही राहिलं?’ याला उत्तर नसतं हेही.

उत्तराचा एक भाग अगदी साध्या गोष्टीतून आला: लघवीतून. अमेरिकेतल्या ॲलन विल्कॉक्स यांच्या गटाने १९८० च्या दशकात मूल हवं असलेल्या २२१ बायकांकडून रोज सकाळची लघवी गोळा केली. त्या बायका बाटल्या घरच्या फ्रीजरमध्ये ठेवत. वारेच्या पेशी रुजताना जे संप्रेरक सोडतात, त्याचा पहिला थेंब कधी येतो हे त्यातून पकडलं. १९८८ साली निष्कर्ष आले. रुजलेल्या गर्भांपैकी ३१ टक्के गळून गेले होते आणि त्यांतले बहुतेक बाईला कळायच्याही आधी. हर्टिग यांच्या टेबलावर दिसलेलं चित्र घराघरांत खरं ठरलं. १९९९ मध्ये त्याच बाटल्यांतून आणखी एक आकडा निघाला. बीज सुटल्यापासून नवव्या दिवसापर्यंत रुजलेल्या गर्भांपैकी १३ टक्के गळाले, अकराव्या दिवशी रुजलेल्यांपैकी ५२ टक्के आणि त्यानंतर आलेल्यांपैकी ८२ टक्के. दार ठरावीक दिवसच उघडं राहतं, उशिरा येणाऱ्याला ठाव मिळत नाही.

वारेकडे मात्र दुसऱ्या कारणाने लक्ष गेलं. केंब्रिजमध्ये अझीम सुरानी यांनी १९८४ साली उंदरांचे असे गर्भ तयार केले, ज्यांत सगळी जनुकं बापाकडची होती. गर्भ खुरटला, पण वारेचा भाग मात्र फोफावला. बायकांमध्ये होणाऱ्या द्राक्षगर्भाचं कोडंही तसंच आहे. तो सहसा पूर्णपणे बापाच्या जनुकांचा असतो, त्यात वारेचे घोस असतात, बाळ नसतं. डेव्हिड हेग यांनी १९९३ मध्ये याचा अर्थ रोखठोक लावला: वार म्हणजे बापाच्या जनुकांनी आईकडून जास्तीत जास्त ओढून घेण्याचं साधन, आणि अस्तर म्हणजे आईने घातलेला लगाम. हे जरा अति आहे असं अनेकांना वाटतं. तरी ब्रोसेन्स यांच्या धमन्या डोळ्यांपुढे आणल्या, तर हेग यांचं म्हणणं सहज उडवून लावता येत नाही. २००० साली तर आणखी मोठा धक्का बसला. आई आणि बाळ यांच्यामधला, अनेक पेशी एकजीव होऊन बनलेला वारेचा अखंड थर ज्या प्रथिनाने जुळतो, ते मुळात एका विषाणूचं निघालं. कोट्यवधी वर्षांपूर्वी आपल्या वानर पूर्वजांना झालेल्या संसर्गातून ते जनुक आपल्यात येऊन राहिलं.

महाराष्ट्रातली या विषयाची सर्वात मोलाची नोंद पुण्याजवळच्या ६ गावांत झाली. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून तिथल्या विवाहित बायकांना गरोदर होण्याआधीच अभ्यासात घेतलं. बहुतेक शेतकरी घरातल्या, सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास. दिवस राहिल्यावर डॉ. आशा किणरे यांच्या गटाने सोनोग्राफीने वारेचं आकारमान मोजलं. ते पाश्चात्त्य बायकांपेक्षा कमी होतं, आणि त्याचा संबंध जुळला तो आईच्या गरोदरपणाआधीच्या वजनाशी. गरोदरपणात ती किती भरली, याच्याशी तो तसा जुळला नाही. डोहाळजेवणाच्या सुमारास सुरू होणारं ‘आता दोन जिवांचं खा’ वारेच्या दृष्टीने उशिराचं ठरतं. जन्मलेली बाळं सरासरी २.७ किलोची होती. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. पुण्याची बाळं बारीक, पण कातडीखालची चरबी मात्र टिकवून ठेवलेली, आणि पुढे मधुमेहाकडे झुकण्याची भीती इथूनच सुरू होते, असं या गटाचं म्हणणं.

अस्तराबद्दलची समजूत २०१० च्या सुमारास पुन्हा उलटली. तयार झालेल्या अस्तराच्या पेशी बशीत वाढवून त्यांच्याजवळ भ्रूण ठेवले, तर खराब भ्रूण येताच त्या पेशी आपलं कामच आवरतं घेतात, असं युरोपातल्या संशोधकांना दिसलं. वारंवार गर्भपात होणाऱ्या काही बायकांचं अस्तर उलट फार उदार असतं, नको त्यालाही आत घेतं आणि नंतर गमावतं, असं मत त्यातून पुढे आलं. ‘पिशवी कमजोर आहे’ हा बायकांच्या माथी मारला जाणारा जुना शेरा यापुढे फार तोकडा वाटतो.

पण केंद्रांमध्ये विकलं गेलं ते वेगळंच. २००३ साली इस्राएलमधून बातमी आली, की आधीच्या महिन्यात अस्तर थोडं खरवडलं तर यश दुपटीहून वाढतं. मग जगभर खरवडणं सुरू झालं. दुखतं, पैसे लागतात, तरी बायका तयार. २०१९ मध्ये ५ देशांतल्या १३६४ बायकांच्या चाचणीचा निकाल लागला: खरवडलेल्या गटात मूल होण्याचं प्रमाण २६.१ टक्के, न खरवडलेल्या गटातही २६.१ टक्के. तोवर दुसरी चाचणी बाजारात स्थिरावली होती. अस्तराचा तुकडा घेऊन २३८ जनुकांवरून ‘दार’ नेमकं कधी उघडतं ते सांगणारी. २०२२ च्या अमेरिकी अभ्यासात ७६७ बायका होत्या. चाचणीप्रमाणे वेळ ठरवलेल्यांपैकी ५८.५ टक्के बायकांना मूल झालं, नेहमीच्या वेळी भ्रूण सोडलेल्यांपैकी ६१.९ टक्के. फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने नगण्य, पण बिलात मात्र चांगलाच जाणवणारा.

प्रयोगशाळा यापेक्षा सावकाश आणि पक्क्या पावलांनी चालल्या आहेत. २०१६ साली केंब्रिज आणि न्यू यॉर्क इथे माणसाचे भ्रूण बशीत तेराव्या दिवसापर्यंत वाढवले गेले आणि भ्रूणांवरच्या संशोधनासाठी ठरलेल्या १४ दिवसांच्या मर्यादेपाशी थांबवले गेले. २०१८ मध्ये पहिल्या तिमाहीतल्या अस्तराच्या आणि वारेच्या सुमारे ७० हजार पेशी एकेक करून वाचल्या गेल्या. अस्तराचे आणि वारेचे इवले गोळे आता बशीत वाढतात, महिनोन् महिने टिकतात. आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये बार्सिलोनाच्या संशोधकांनी माणसाचा भ्रूण रुजताना जिवंत टिपला. उंदराचा भ्रूण पृष्ठभागावर पसरतो, माणसाचा मात्र आजूबाजूचे धागे स्वतःकडे खेचत, जोर लावत आत घुसतो, हे त्यात स्पष्ट दिसतं. हे चित्रण कोलॅजनच्या जेलमध्ये झालं. भ्रूणाने केलेलं सगळं त्यात आलं आहे. अस्तर त्याला काय उत्तर देतं, ते यायचं आहे.