बाटली परतते, वेष्टन जळतं

आयर्लंडमधल्या ड्रोहेडा गावात सुपरमार्केटच्या दाराशी एक यंत्र असतं. रिकामी बाटली किंवा डबा त्यात आडवा सरकवला की ते बारकोड वाचतं, आकार तपासतं, बाटली गिळतं आणि पावती देतं. ती दाखवून पैसे घ्या किंवा खरेदीतून वळते करा. १ फेब्रुवारी २०२४ पासून देशभर बाटली-डब्यांच्या विक्रीवर ही अनामत लागू आहे: ५०० मिलिलिटरपर्यंत १५ सेंट, त्यापुढे तीन लिटरपर्यंत २५ सेंट. बाटली चेपलेली नको, कारण चुरगळलेला बारकोड यंत्राला वाचता येत नाही.

बाटलीचं नशीब चांगलं, कारण ती जवळजवळ एकाच पदार्थाची असते. पेट प्लास्टिकची घनता पाण्याच्या सुमारे १.३८ पट, झाकण पॉलिथिनचं किंवा पॉलिप्रॉपिलीनचं, म्हणजे पाण्याहून हलकं. बाटल्यांचा चुरा पाण्याच्या टाकीत सोडला की पेट तळाशी जातं, झाकणांचे तुकडे वर तरंगतात. दोन्ही वेगळे, दोन्हींना भाव. पुण्यात कचरावेचक बाटली उचलतात आणि रद्दीवाला दुधाची धुतलेली पिशवी घेतो, तेही याच हिशेबाने: एकच जातीचं, स्वच्छ प्लास्टिक विकलं जातं.

आता स्वयंपाकघरातलं चिप्सचं किंवा मसाल्याचं पाकीट पाहा. आत पॉलिथिनचा थर, वर छपाईसाठी दुसऱ्या प्लास्टिकचा, मध्ये ॲल्युमिनियमचा मुलामा. ओल अडवायची एकाने, हवा अडवायची दुसऱ्याने. प्रत्येक थर अतिशय पातळ, आणि ते इतके घट्ट चिकटलेले की सुटे करणं परवडत नाही. एकत्र वितळवले तर हे पदार्थ एकमेकांत मिसळत नाहीत. तयार होतो तो ठिसूळ, कमअस्सल माल.

सप्टेंबर २०२१ पासून आयर्लंडमध्ये पातळ प्लास्टिकही घरच्या रिसायकलिंगच्या डब्यात टाकता येतं. स्वच्छ, कोरडं आणि सुटं असलं पाहिजे. पण ज्यातून नवं काही घडत नाही, त्याचं इंधन होतं. ड्रोहेडापासून काही किलोमीटरवर प्लॅटिनचा सिमेंट कारखाना आहे. तिथल्या भट्टीत कचऱ्यापासून बनवलेलं इंधन जळतं. जवळच कॅरन्सटाउनला कचरा जाळून वीज करणारं केंद्र आहे. पॉलिथिनची उष्णता डिझेलच्या तोडीची, म्हणून भट्टीला ते चालतं. उकिरड्यावर पडण्यापेक्षा हे बरंच. तरी पुढच्या पाकिटासाठी पुन्हा खनिज तेल किंवा वायूच लागतो.

म्हणून मला वाटतं, घरातली खरी लढाई पातळ वेष्टनाशी आहे. बाटलीची वाट सापडली आहे. कॅरी बॅगचीही सापडली: ४ मार्च २००२ रोजी आयर्लंडने प्रत्येक पिशवीवर १५ सेंटचा कर बसवला आणि माणशी वर्षाला ३२८ च्या घरात असलेला वापर २१ वर आला. गिऱ्हाइकाच्या सवयीला धक्का देणारा इतका परिणाम उपदेशाने कधी झाल्याचं मला ठाऊक नाही. पण या करातून सुट्या फळं-भाज्यांच्या आणि मांस-मासळीच्या छोट्या पिशव्या वगळल्या होत्या. नेमक्या पातळ, नेमक्या न परतणाऱ्या.

हे वेष्टन कमी करायला भूमिती मदतीला येते. लांबी-रुंदी-उंची वाढली की घनफळ घनाने वाढतं, पृष्ठभाग वर्गाने. अर्ध्या किलोची दहा पाकिटं घेण्याऐवजी त्याच घाटाचं पाच किलोचं एक घेतलं, तर लागणारं वेष्टन, जाडी तीच धरली तर, निम्म्याहूनही कमी. मोठ्या पिशवीची जाडी थोडी जास्त असते, म्हणून फायदा थोडा घटतो. परदेशातल्या मराठी घरात तांदूळ, तूरडाळ, कणीक सगळं पिशवीतूनच येतं. तिथे हा हिशेब दर महिन्याला कामी येतो. शिंगाड्याचं पीठ किंवा हिंग मात्र मोठं घेऊन खराब करण्यात काही अर्थ नाही. सुटे बटाटे, कांदे पिशवीशिवाय थेट तराजूवर ठेवावेत. उरलेल्या भाजीच्या वाटीवर फिल्म ताणण्यापेक्षा ताटली झाकावी.

कापडी पिशवी नवी विकत घेताना जरा थांबा. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेच्या २०११ च्या अभ्यासानुसार, एकदाच वापरलेल्या पातळ प्लास्टिकच्या पिशवीइतका हवामानावरचा बोजा उतरवायला सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते. कापूस पिकवण्याला, विणण्याला पाणी आणि ऊर्जा लागते. जुन्या साडीची किंवा चादरीची शिवलेली पिशवी या हिशेबात फार पुढे आहे, कारण तिच्यासाठी नवा कापूस लागलेला नसतो.

युरोपीय संघाच्या नव्या नियमानुसार १ जानेवारी २०३० पासून दीड किलोहून कमी ताज्या, प्रक्रिया न केलेल्या फळं-भाज्यांना एकदा वापरायचं प्लास्टिक वेष्टन चालणार नाही. पाणी उडून सुकणाऱ्या किंवा लगेच चेंबणाऱ्या मालासाठी देशांना सूट देता येईल. काकडीवरची फिल्म त्या सुटीत बसते की नाही, यावर वाद होतील. बटाट्यावर मात्र होण्याचं कारण दिसत नाही.