विश्लेषण : वितळत्या बर्फाची गोष्ट इन्युइट तरुण स्वतःच का चित्रित करत आहेत?

उत्तर ध्रुवाजवळचा प्रदेश १९७९ पासून उर्वरित जगाच्या जवळपास चौपट वेगाने तापला आहे. या बदलाची असंख्य छायाचित्रे आपण पाहतो, पण त्यात बहुधा माणूस नसतो. तिथे राहणाऱ्या इन्युइट समाजातील तरुणांनी आता कॅमेरा हाती घेतला आहे. त्यांच्या चौकटीत काय वेगळे दिसते आणि त्याचा उपयोग काय, याविषयी…

सुरुवात एका अस्वलापासून का करावी लागते?

डिसेंबर २०१७ मध्ये हाडांचा सापळा झालेल्या एका ध्रुवीय अस्वलाची चित्रफीत जगभर पाहिली गेली. कॅनडाच्या नुनावुत प्रदेशातील सॉमरसेट बेटावर ती चित्रित झाली होती. ‘नॅशनल जिऑग्राफिक’ने ती प्रसारित करताना हवामान बदलाचे रूप असे असते, अशा अर्थाची ओळ जोडली. लोक हळहळले, रडले. मात्र ते अस्वल नेमके कशाने खंगले होते, आजाराने, जखमेने की म्हातारपणाने, हे कोणालाच ठाऊक नव्हते. पुढच्या वर्षी नियतकालिकाने आपण मर्यादा ओलांडल्याचे मान्य केले.

ध्रुवीय बर्फ घटतो आहे आणि अस्वलांपुढे संकट आहे, यात शंका नाही. पण पिढ्यानपिढ्या अस्वलांच्या शेजारी राहणाऱ्या इन्युइट लोकांपैकी अनेकांनी तेव्हाच विचारले की, आम्हाला कोणी विचारले का? एखादे अस्वल आजारी पडते, म्हातारे होते, मरते, हे त्यांनी पाहिलेले असते. जगाने मात्र एका प्राण्याकडे बघून निष्कर्ष काढला आणि त्याच किनाऱ्यावर राहणारी माणसे चौकटीबाहेरच राहिली.

इन्युइट म्हणजे कोण?

शाळेच्या पुस्तकात आपण ज्यांना ‘एस्किमो’ म्हणून वाचले, ते हे लोक. कॅनडा आणि ग्रीनलँडमध्ये तो शब्द आता अवमानकारक मानला जातो. ‘इन्युइट’ म्हणजे त्यांच्या भाषेत ‘माणसे’. अलास्का, कॅनडा, ग्रीनलँड आणि रशियाच्या पूर्व टोकाला त्यांची वस्ती आहे. एकट्या कॅनडात २०२१ च्या जनगणनेनुसार ते सुमारे ७० हजार आहेत. हिवाळ्यात गोठलेला समुद्र हाच त्यांचा रस्ता असतो. सील, मासे, कॅरिबू हे अन्न मिळवायला याच बर्फावरून जावे लागते. त्यामुळे बर्फ उशिरा धरणे आणि लवकर फुटणे म्हणजे त्यांच्यासाठी रस्ता बंद होणे आणि स्वयंपाकघरात टंचाई येणे होय.

यापूर्वी कॅमेरा कोणाच्या हाती होता?

रॉबर्ट फ्लाहर्टी यांचा १९२२ चा ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ हा माहितीपटांच्या इतिहासातला मैलाचा दगड. पण त्यातला ‘नानूक’ प्रत्यक्षात अल्लाकारिआल्लाक नावाचा शिकारी होता. आत पुरेसा उजेड यावा म्हणून बर्फाचे घर अर्धेच बांधले गेले, आणि बंदूक वापरणाऱ्या माणसांना जुन्या हत्यारांनी शिकार करायला लावले. जगाला ‘आदिम’ इन्युइट हवे होते, ते मिळाले.

इन्युइटांचे स्वतःचे चित्रणही तसे जुने आहे. केप डॉर्सेट, म्हणजे आजचे किंगाइट, येथील पीटर पिट्सिओलाक १९४० च्या दशकापासून आपल्या माणसांची छायाचित्रे काढत होते आणि पत्नी अग्गिओकच्या मदतीने बर्फाच्या घरातही ती धुवत होते. पण खरे वळण इग्लुलिक या गावाने घेतले. टीव्हीवर आपल्या भाषेत काहीच नाही, मग तो हवा कशाला, म्हणून या गावाने १९७५ आणि १९७९ अशी दोनदा मतदान करून टीव्ही नाकारला. त्याच गावातले झकारायस कुनुक यांनी १९८१ मध्ये दगडात कोरलेल्या आपल्या मूर्ती माँट्रियलला विकून व्हिडीओ कॅमेरा आणला. पुढे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ‘इसुमा’ ही निर्मितीसंस्था काढली आणि त्यांच्या इनुक्टिटुट भाषेतील ‘अतानारजुआत’ला २००१ मध्ये कान महोत्सवात पहिल्या चित्रपटासाठीचा ‘कॅमेरा द’ओर’ मिळाला. पडदा नाकारणाऱ्या गावाने स्वतःचा पडदा उभारला, असे म्हणायला हरकत नाही. आजच्या तरुणांना कॅमेरा परका वाटत नाही, याचे बरेचसे श्रेय इग्लुलिकला जाते.

टुकटोयाकटुकच्या मुलांनी काय टिपले?

कॅनडाच्या वायव्य टोकाला, ब्यूफोर्ट समुद्राच्या काठी सुमारे ९०० वस्तीचे टुकटोयाकटुक गाव आहे. तिथल्या तरुण मुलामुलींनी २०१९ मध्ये ‘हॅपनिंग टू अस’ हा माहितीपट केला. कॅमेरा कसा धरायचा, मुलाखत कशी घ्यायची, हे व्यावसायिकांकडून शिकत त्यांनी गावातल्या जाणत्यांना बोलते केले. त्या वर्षी डिसेंबरमध्ये माद्रिदला झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान परिषदेत तो दाखवला गेला. शीर्षकाचा अर्थ सरळ आहे : हे आमच्याबाबतीत घडते आहे.

काय घडते आहे, ते समजून घ्यायला हवे. इथला किनारा खडकाचा नाही. माती, वाळू आणि बर्फ एकत्र गोठून तो बनला आहे. अशा कायम गोठलेल्या जमिनीला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. पूर्वी समुद्रावर बराच काळ बर्फाचे आवरण असे, त्यामुळे लाटा उसळायला जागाच नसे. आता पाणी जास्त दिवस मोकळे राहते. वादळात उठलेल्या लाटा कड्याच्या पायथ्याशी धडकतात, कोमट पाणी गोठलेली माती सैल करते आणि वरचा भाग एकदम कोसळतो. बंदराला आडोसा देणारे टुकटोयाकटुक बेट वर्षाला सरासरी दोन मीटरच्या आसपास झिजते आहे. ते गेले की वादळाचा मारा थेट गावावर. तज्ज्ञांनी नकाशावर रेषा काढून हे सांगितलेच होते. मुलांच्या माहितीपटात तीच गोष्ट अंगणापासून सुरू होते आणि ओळखीच्या आवाजात ऐकू येते, एवढाच फरक. पण तो फरक लहान नाही.

जाणत्यांचे म्हणणे विज्ञानाला पटते का?

कुनुक आणि संशोधक इयन माउरो यांच्या २०१० मधील हवामान बदलावरील माहितीपटात एक चमत्कारिक वाटणारा दावा होता. सूर्य आता पूर्वीच्या जागी उगवत-मावळत नाही, पृथ्वीच कलली असावी, असे दूरदूरच्या गावांतील वृद्ध सांगत होते. वैज्ञानिकांना हे अर्थातच रुचले नाही, कारण पृथ्वी अशी कललेली नाही. मात्र थंड हवेच्या थरावर उबदार हवा असेल तर प्रकाश वाकतो आणि क्षितिजाजवळचा सूर्य जागा बदलल्यासारखा दिसतो. हवेच्या थरांतील तापमान बदलले की हे दृश्यही बदलते. म्हणजे कारण चुकले असेल, पण डोळ्यांनी टिपलेले चुकले नव्हते. जाणत्यांचे बोलणे न कापता पूर्ण चित्रित करण्याचे महत्त्व इथे कळते.

छायाचित्र पुरावा कसे बनते?

हडसन उपसागरातील सानिकिलुआक गावाशी जोडलेल्या आर्क्टिक आयडर सोसायटीने २०१९ मध्ये ‘सिकू’ नावाचे अ‍ॅप आणले. सिकू म्हणजे समुद्रावरचा बर्फ. बर्फावर गेलेला तरुण तिथला फोटो काढतो, त्याला जागा आणि तारीख जोडतो आणि बर्फाच्या प्रकाराचे आपल्या भाषेतील नाव लिहितो. उदाहरणार्थ, नुकत्याच धरलेल्या बर्फाला ‘सिकुलियाक’ म्हणतात. एकट्या फोटोला फार किंमत नसते. पण अनेकांचे अनेक वर्षांचे फोटो जमले की कोणती खाडी केव्हा गोठते, कुठे बर्फ दगा देतो, याची नोंदवही तयार होते. उपग्रहाला वरून पांढरा पृष्ठभाग दिसतो. साचलेल्या हिमाच्या दुलईखाली बर्फ पातळ राहिला आहे, हे तिथे उभ्या माणसाला कळते. शब्दही टिकतात, कारण नाव लिहायचे तर ते आजोबांना विचारावे लागते.

या नोंदींची मालकी ज्याने केली त्याचीच राहते आणि शिकारीची जागा लपवण्याची सोयही आहे. बाहेरून येऊन माहिती घेऊन जाणाऱ्यांचा अनुभव या समाजाला पुष्कळ आहे, हे लक्षात घेतले तर ही तरतूद किती गरजेची आहे ते कळते.

जे दिसत नाही, ते कसे दाखवणार?

लॅब्राडॉरच्या किनाऱ्यावर नुनात्सियावुत हा इन्युइट प्रदेश आहे. त्यातील सुमारे ३०० वस्तीच्या रिगोलेट गावात २००९ च्या सुमारास वेगळा प्रयोग झाला. सर्व वयाच्या लोकांनी आपलेच फोटो आणि आपलाच आवाज वापरून काही मिनिटांच्या चित्रकथा केल्या. आरोग्यावरील परिणाम नोंदवायचे होते. संशोधकांना अपेक्षा होती अपघात, पाणी, अन्न यांची. लोक बोलले मनाविषयी. बर्फावर जाता येत नाही तेव्हा घरात कोंडल्यासारखे होते, चिडचिड वाढते, दारूकडे पावले वळतात आणि आपण कोण, हेच कळेनासे होते, असे त्यांनी सांगितले. या कामात असलेल्या अ‍ॅशली कन्सोलो यांनी पुढे ‘परिसंस्थेचा शोक’ ही कल्पना मांडली आणि ‘लॅमेंट फॉर द लँड’ हा माहितीपटही याच प्रदेशातून आला.

हिमाच्छादित डोंगराचे कितीही देखणे छायाचित्र हा शोक दाखवू शकत नाही. त्यासाठी ‘इथे मी वडिलांबरोबर जायचो’ असे सांगणारे कोणी तरी लागते.

पण याने काही बदलते का?

फार वेगाने नाही. शीला वॉट-क्लूटिए यांनी ६२ शिकारी आणि जाणत्यांसह डिसेंबर २००५ मध्ये अमेरिकेच्या उत्सर्जनाविरुद्ध आंतर-अमेरिकी मानवाधिकार आयोगाकडे अर्ज केला होता. सादर केलेली माहिती पुरेशी नाही म्हणून आयोगाने तो पुढे नेला नाही. २००७ मध्ये सुनावणी तेवढी झाली. त्यानंतर चित्रित साक्षी आणि नोंदी वाढल्या, पण माद्रिदच्या परिषदेतही मोठ्या देशांनी ठोस पाऊल टाकले नाही.

टुकटोयाकटुकचे वास्तवही एकरेषीय नाही. बाहेरून ट्रकने येणारे महागडे इंधन परवडत नाही, म्हणून त्याच भागात नैसर्गिक वायूची विहीर सुरू करण्याचा प्रकल्प तिथल्या इनुवियालुइट लोकांच्याच संस्थेने हाती घेतला आहे. यावर बाहेरच्यांनी नाक मुरडणे सोपे आहे. उणे ३० अंशांत घर गरम ठेवायचे असते तेव्हा प्रश्न वेगळा दिसतो.

दरम्यान, २०२० मध्ये टुकटोयाकटुकच्या टोकावरची चार घरे समुद्रात जाण्याच्या बेतात होती. ती उचलून आतल्या बाजूला हलवण्यात आली.